वेत्रग्रामचे विरजण

पूर्वी चंपकवतीच्या गादीवर अरिंदम नावाचा राजा होता. त्याच्या कारकिर्दीत बोधिसत्त्वाने एका गवळ्याच्या घरी जन्म घेतला आणि अंगच्या बुद्धीने वाढत वाढत तो राजाचा अमात्य झाला. त्याचे नाव वत्सपाल. अमात्य झाला तरी दोन गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. एक म्हणजे दारातली गाय. आणि दुसरी, काही अडचण आली की 'असे आपण आधी कुठे पाहिले आहे?' असे स्वतःलाच विचारण्याची सवय.

या सवयीने त्याचे नाव झाले होते. राजाने हत्तींसाठी नवी शाळा बांधली तेव्हा एकही हत्ती आत पाऊल टाकेना. माहुतांनी अंकुश मारून मारून हात दुखवून घेतले. वत्सपाल आला, हसला आणि म्हणाला, "वासरू नव्या गोठ्यात जात नाही तेव्हा आम्ही जुन्या गोठ्यातलं गवत आणून पसरतो. त्याला आपला वास आला की ते आपसूक आत जातं." जुने गवत पसरले आणि हत्ती मुकाट आत गेले. तेव्हापासून दरबारात कुठलाही पेच पडला की सगळे वत्सपालाच्या तोंडाकडे पाहू लागले. आणि खरे सांगायचे तर, त्यालाही ते आवडू लागले.

अशात राजाने नदीवरून मोठा कालवा काढला आणि त्याच्या काठाने चाळीस नवी गावे वसवली. लोक बारा ठिकाणचे. कुणी लढाईत घरादारातून उठलेले, कुणी पुराने उघड्यावर आलेले. जमीन चांगली, पाणी मुबलक, पण पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून पहिल्याच हंगामात विळे उगारले गेले आणि अकरा माणसे मेली. पीक काढायचे ते विळे, बरं का.

राजाने कालव्यावर शिपाई बसवले. शिपाई पाण्याच्या पाळ्या विकू लागले. कुंपणच शेत खाऊ लागले म्हटल्यावर बोलायचे कुणाला? मग गावोगावी पाणीवाटपाचा नियम दगडावर कोरून उभा केला. लोकांनी त्याच दगडावर विळ्यांना धार लावली.

त्याच राज्यात वेत्रग्राम नावाचे बावीस घरांचे एक जुने गाव होते. तिथे सात पिढ्यांत पाण्यावरून कुणी कुणावर हात उचललेला नव्हता. त्यांची रीत अशी होती. पाटाच्या काठी पाण्याने भरलेली घागर ठेवायची. तिच्यात तळाला सुईएवढे भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. वाटी भरून बुडली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. जो वाटी सांभाळील त्याच्या शेताला पाणी सर्वांत शेवटी. आणि भांडण झालेच, तर वाटी पालथी घालायची. भांडणारे समेटावर येईपर्यंत अख्ख्या गावाचे पाणी बंद. मग काय, सगळे गावच त्या दोघांना हाताला धरून समेट करायला लावी.

हे कळताच राजाने तशाच चाळीस वाट्या घडवून गावोगावी पाठवल्या. एका गावी वाटी चोरीला गेली. एका गावी कुणीतरी तिच्या भोकात मेण भरले. वाटी बुडेना, पाळी संपेना, आणि दोन दिवसांनी तिथेही डोकी फुटली. राजा डोक्याला हात लावून बसला.

एका संध्याकाळी वत्सपाल घरी दूध विरजत होता. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. दूध कोमट झाले का ते त्याने बोट घालून पाहिले, पळीभर जुने दही त्यात सोडले आणि झाकण ठेवता ठेवता तो थबकला. दुधाला नियम सांगून काय उपयोग? रिकामे भांडे पुढे ठेवून काय उपयोग? दूध दही होते ते जुन्या दह्याच्या संगतीने. वेत्रग्रामची वाटी पाठवून काही होणार नाही, वेत्रग्रामची माणसे पाठवायला हवीत.

दुसऱ्या दिवशी त्याने हे दरबारात सांगितले, आणि मोठे रंगवून सांगितले. "नवी गावं म्हणजे कोरं दूध," तो म्हणाला. "वेत्रग्रामचं एक कुटुंब म्हणजे विरजण. दूध कोमट हवं, म्हणजे तिथे त्यांचं घर, शेत, स्वागत आधी तयार हवं. विरजण लावल्यावर ढवळाढवळ करायची नाही, म्हणजे शिपाई तिथून उठवा. बाकी दही आपोआप लागतं." दरबार वाहवा करू लागला. राजाने गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

वेत्रग्रामचे एक जोडपे नव्या शेताच्या आशेने आनंदाने गेले. एका हंगामात त्या गावची भांडणे थांबली. मेण भरले होते तेच हे गाव. आता तिथे पोरेटोरेसुद्धा वाटी बुडेपर्यंत गप्प बसून राहू लागली.

मग वत्सपाल आणखी माणसे मिळवायला स्वतः वेत्रग्रामला गेला. त्या वर्षी वाटी सांभाळत होती कुमुदा नावाची बाई. तिचा नवरा धनक, म्हातारा सासरा आणि चार वर्षांची मुलगी मल्ली. बाई तोंडाने फटकळ, पण मनाने सरळ. वत्सपाल तिच्याच ओसरीवर उतरला. तिच्या हातचे ताक प्याला आणि गावकऱ्यांना त्याने सगळा बेत सांगितला. तीन घरे जायला तयार झाली. बाकीच्यांनी मान हलवली.

लोक उठून गेल्यावर कुमुदा म्हणाली, "अमात्य, एक विचारू? आज तुम्ही विचारताय. उद्या विचारायचं बंद झालं तर?"

"तसं व्हायचं नाही."

"राजाच्या घरचं पाणी कधी कुठे वळेल, काय नेम? आम्ही बावीस घरं. त्यातली चार गेली. माझं घर असंच राहू द्या, एवढंच म्हणणं आहे. ही पोर नवसानं झालीय."

"शब्द देतो," वत्सपाल म्हणाला. "मनाविरुद्ध इथून एकही माणूस हलणार नाही."

"मग झालं तर," कुमुदा म्हणाली आणि तिने त्याला आणखी ताक वाढले.

राजधानीत परतल्यावर वत्सपालाने राजाला सांगितले, "चार गावांची सोय झाली. दरवर्षी दोन-तीन घरं राजीखुशीनं मिळतील. दहा-बारा वर्षांत सगळा कालवा शांत होईल." राजाला हे रुचले नाही. दहा-बारा वर्षे म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या आयुष्याएवढी. पण तो काही बोलला नाही.

बोलला तो सुनीथ. हा राजाचा कार्यवाह. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कामाचा मात्र इतका पक्का की सांगितलेले काम झाल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याने आयुष्यात दही खाल्ले होते, लावले कधीच नव्हते. त्याने साधेपणाने विचारले, "अमात्य, घागरभर दुधाला विरजण किती लागतं?"

"पळीभर," वत्सपाल म्हणाला.

"पळीभरच? वाटीभर नको?"

"अहो, पळीसुद्धा जास्त झाली. बोटाला लागलेलंही पुरतं!"

सगळे हसले. वत्सपालही हसला. आपली उपमा सगळ्यांच्या तोंडी झाली याचा त्याला आनंद झाला होता, आणि आनंदात माणूस समोरच्याने प्रश्न का विचारला ते विचारत नाही. चार दिवसांनी राजाने त्याला कालव्याच्या मुखाशी खचलेला बांध दुरुस्त करायला धाडले. ते काम आठ महिने चालले.

इकडे सुनीथ गाड्या घेऊन वेत्रग्रामला गेला. तिथे अठरा घरे उरली होती. घरटी दोन कर्ती माणसे, म्हणजे छत्तीस. विरजण लावायची गावेही छत्तीसच राहिली होती. सुनीथाला हा योग मोठा शुभ वाटला. कुटुंब कशाला पाठवायचे? बोटाला लागलेले पुरते, असे खुद्द अमात्य म्हणाले होते. त्याने एकेका गाडीत एकेक माणूस बसवले. नवरा पूर्वेला, तर बायको पश्चिमेला. म्हातारी माणसे आणि पोरे मागे ठेवली, कारण त्यांना वाटी सांभाळता येत नव्हती. कुमुदा गाडीचे चाक धरून ओरडली, "अमात्यांना बोलवा! त्यांनी शब्द दिलाय!" सुनीथ शांतपणे म्हणाला, "बाई, हा अमात्यांचाच उपाय आहे." तिचे हात चाकावरून सोडवून तिला वर चढवण्यात आले.

बांध पुरा करून वत्सपाल परत निघाला तेव्हा वाटेत मुद्दाम वेत्रग्रामवरून आला. कुमुदाला सांगावे, तुझ्या गावच्या रीतीने चार गावे सुखी झाली, असे त्याच्या मनात होते. गावात शिरला तर पाट गाळाने भरलेला. उपसायला हात कुणाचे? शेते भेगाळलेली, दारे उघडी. एका ओसरीवर कुमुदाचा सासरा एकटाच बसला होता. पोरांना आणि इतर म्हाताऱ्यांना नगराच्या अन्नछत्रात नेले होते. हा हटून राहिला होता.

वत्सपालाला पाहून म्हातारा उठला नाही. म्हणाला, "विरजण न्यायला आलात, अमात्य? संपलं हो. गाडगं खरवडून नेलं तुमच्या माणसांनी."

वत्सपाल त्याच्यासमोर जमिनीवर बसला. म्हाताऱ्याने सगळे सांगितले. कोण कुठल्या गाडीत बसले, कोण रडले, कोण गप्प राहिले. वत्सपालाच्या डोळ्यांपुढे आपल्या आईचे गाडगे उभे राहिले. त्याच्या घरी सगळे दही कधीच कुणी संपवत नसे. कितीही पाहुणे येवोत, तळाशी पळीभर उद्यासाठी राहिलेच पाहिजे. ही गोष्ट गवळ्याच्या पोराला कुणी शिकवत नाही, म्हणून दरबारात सांगायचे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याला स्वतःची इतकी किळस आली की म्हाताऱ्याने पुढे केलेले पाणी त्याने न पिता खाली ठेवले.

तो तसाच धुळीच्या पायांनी दरबारात गेला. तिथे त्याच्यासाठी सोन्याच्या दांड्याचे छत्र तयार ठेवले होते. कालवा शांत झाला होता. छत्तीस गावांतल्या बत्तीस गावी वाटीची रीत रुजली होती, धान्याच्या राशी लागल्या होत्या, आणि राजाने वत्सपालाला महामात्य करायचे ठरवले होते.

"महाराज, छत्र नको," वत्सपाल म्हणाला. "वेत्रग्रामची माणसं परत पाठवा."

"का? उपाय फसला का?"

"नाही, महाराज. लागू पडला."

"मग रडतोस कशाला?"

तेव्हा भरल्या दरबारात वत्सपाल म्हणाला, "मी तुम्हाला अर्धीच उपमा सांगितली. तळाशी विरजण राखावं लागतं, हे मी बोललोच नाही. पण ती चूक लहान आहे. मोठी चूक दुसरीच. दह्याला कुठल्या भांड्यात घातलं ते कळत नाही. आपल्याला कुणापासून तोडलं ते कळत नाही. माणसाला कळतं. माझी उपमा तिथे संपत होती, आणि मला ते दिसलं नाही, कारण तुम्ही सगळे वाहवा करत होता आणि मी ती ऐकत होतो."

सुनीथ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. "अमात्य, मी तुम्हाला विचारलं होतं. किती लागतं म्हणून विचारलं होतं."

"विचारलं होतंस," वत्सपाल म्हणाला. "उत्तर माझंच आहे. मी ते नाकारत नाही."

राजाला हे सगळे अपशकुनी वाटले. जिंकलेल्या डावात कुणी रडगाणे गायलेले कुठल्या राजाला आवडते? तो थंडपणे म्हणाला, "वत्सपाल, लागलेलं दही परत दूध होतं का?"

दरबार हसला. वत्सपालाचीच सवय आता राजाला लागली होती, आणि त्या सवयीपुढे वत्सपालाचे काही चालेना. तो तीन दिवस दरबारात उभा राहिला. विनवण्या केल्या, पाय धरले. शेवटी राजा कंटाळून म्हणाला, "एक माणूस काढलास तर त्याच्या जागी वाटी सांभाळणारा दुसरा माणूस दे. बत्तीस गावांचं सुख मी तुझ्या पश्चात्तापापायी मोडणार नाही."

वत्सपालाने नगरात हिंडून माणसे शोधली. आपले घर, गाय, जमीन देऊ केली. पण सर्वांत शेवटी पाणी घ्यायचे असले काम आयुष्यभर पत्करायला कोण येणार? कुणी आले नाही. मग त्याने अंगावरची अमात्याची वस्त्रे काढून ठेवली, अन्नछत्रातून मल्लीला बरोबर घेतले आणि तो पश्चिमेच्या वाटेला लागला.

कुमुदा कालव्याच्या काठी घागरीसमोर बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही. "थांबा," ती म्हणाली. "वाटी बुडेपर्यंत मला हलता यायचं नाही."

तो उन्हात उभा राहिला. वाटी बुडाली. तिने हाक देऊन पाळी बदलली, वाटी पुन्हा सोडली आणि मग त्याच्याकडे पाहिले.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता."

"माझ्या ओसरीवर बसून."

"हो. मोडला. मी इथे नव्हतो हे सांगायला आलेलो नाही. उपाय माझा होता, आणि तो कसा वापरतील याची काळजी मी घेतली नाही." मग त्याने पाठीमागे हात केला. "मल्लीला आणलंय."

मुलगी त्याच्या धोतराला धरून मागे लपली होती. दहा महिने झाले होते. कुमुदाने हात पुढे केले तर पोर आणखीच मागे सरकली आणि हळूच वत्सपालाला म्हणाली, "ह्या कोण?"

कुमुदाचे हात तसेच राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि पदराला पुसले.

"तू हिला घेऊन धनकाकडे जा," वत्सपाल म्हणाला. "तो पूर्वेच्या शेवटच्या गावात आहे. तिथे तुम्हाला एकत्र राहता येईल. राजाची परवानगी आहे. तुझ्या जागी मी बसतो."

"आणि बाकीचे पस्तीस?"

"त्यांच्या जागी द्यायला माझ्याकडे कुणी नाही. मी एकच आहे."

"आणि गाव? माझं गाव?"

वत्सपालाने मान खाली घातली. कुमुदा रडली नाही. तिने त्याला घागरीपाशी बसवले आणि कोरड्या आवाजात एकेक गोष्ट सांगितली. घागरीतले पाणी सकाळी बदलायचे. वाटीचे भोक काडीने साफ करायचे, सुईने नाही, सुईने ते मोठे होते. "आणि लोक तुम्हाला मोठे समजून म्हणतील, आधी तुम्ही घ्या. घेऊ नका. एकदा घेतलंत की सगळं संपलं."

"नाही घेणार."

"शब्द देऊ नका," ती म्हणाली. "नुसतं करा."

एवढे बोलून तिने मुलीचे मनगट धरले. पोर रडू लागली, मागे वळून वळून वत्सपालाला हाका मारू लागली. कुमुदाने त्याला नमस्कार केला नाही, शापही दिला नाही. रडणाऱ्या पोरीला ओढत ती वाटेला लागली. आईला ओळखायला मल्लीला पुढे पाऊण वर्ष लागले, असे नंतर कुणीतरी येऊन सांगितले.

वत्सपाल त्या काठावर एकोणीस वर्षे बसला. त्याच्या शेताला पाणी नेहमी शेवटी मिळाले आणि दुष्काळाच्या दोन वर्षी मिळालेच नाही. वेत्रग्राम पुन्हा वसले नाही. तिथे बाभळी माजल्या. चाळीस गावांची मात्र भरभराट झाली आणि लोक 'अमात्याचा उपाय' म्हणून कौतुकाने ती गोष्ट एकमेकांना सांगत राहिले. लांबून लांबून माणसे त्याच्याकडे आपापले पेच घेऊन येत. कुणी एखादी सुरेख तुलना काढून आणली की तो ऐकून घेई आणि म्हणे, "कशासारखं आहे ते सांगितलंस. आता कशासारखं नाही तेही सांग." पुष्कळांना पुढचे काही सांगता येत नसे. त्यांना तो तसेच परत पाठवी.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, ही कथा विहारात सांगितली ती अभिनंद नावाच्या भिक्षूवरून. 'तेल जास्त झालं की दिवा विझतो' असे म्हणून त्याने एका आजारी भिक्षूचे अन्न तोडले होते. उपमेचे सगळ्यांनी कौतुक केले, आणि आजारी भिक्षू हाडांचा सापळा होऊन अंथरुणाला खिळला. भिक्षू आपसात त्याविषयी बोलत असताना शास्ते आले आणि म्हणाले, "भिक्षूंनो, अभिनंदाने अर्धी उपमा उचलली ती काही आजच नव्हे."

कथा संपल्यावर त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाचा सुनीथ हा आजचा अभिनंद. राजा अरिंदम हा अन्नावाचून खंगलेला भिक्षू. मल्ली ही त्याला आज भरवणारी उपासिका. कुमुदा ही शेवटच्या रांगेत बसलेली शीलवती भिक्षुणी. आणि अभिनंदाला दोष देण्याआधी हेही ऐका, ती अर्धी उपमा सांगणारा, वाहवा ऐकत बसणारा वत्सपाल मीच होतो. त्या जन्मी मला बुद्धी कमी नव्हती, पण तिने एक गाव उजाड केले. त्या जन्मी माझ्या हातून पुरी झाली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता. भरल्या सभेत 'चूक माझी' म्हणणे, आणि त्या चुकीच्या जागी स्वतः जाऊन बसणे."

सभेतल्या सगळ्यांनी हात जोडले. शीलवती भिक्षुणीने जोडले नाहीत. शास्त्यांनी ते पाहिले आणि तिला काही म्हटले नाही.